टीकाकाराचा चेहरा

रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे आमच्या दिवाणखान्याची आपोआप वाटणी होते. आरामखुर्ची व तिच्या शेजारचा दिवा माझ्या वाट्याला येतो, वर्तमानपत्रातील शब्दकोडे पत्नीच्या वाट्याला जाते, आणि खिडकीजवळचा दिवाण ही आमच्या कन्येची जहागीर असते. तिच्या हाती पुस्तक क्वचितच दिसते. बहुधा मोबाईल असतो, आणि त्यातून कोणी ना कोणी अखंड बोलत असते. हे बोलणे मी आजवर रस्त्यावरील रहदारीच्या आवाजासारखेच मानीत आलो होतो. परंतु गेल्या दिवाळीनंतरच्या एका रात्री त्या यंत्रातून आलेल्या आवाजाने माझे वाचनातील लक्ष उडाले. कोणी एक अमेरिकन तरुण एका बोलपटाचे कथानक, त्यातील छायाचित्रण आणि नटांचा अभिनय यांचा समाचार घेत होता. आणि तो घेताना आमच्या व्यवसायातले बरेचसे शब्द बिनदिक्कत वापरीत होता.

"हा कोण?" मी विचारले.

"हा क्रिस स्टकमन, बाबा. सिनेमांची परीक्षणे करतो."

"कोणत्या नियतकालिकात?"

"नियतकालिकात नाही. इथेच, यूट्यूबवर. लिहीत नाही, बोलतो."

तीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसाला परीक्षण ही लिहिण्याची वस्तू आहे, बोलण्याची नव्हे, असे वाटले तर त्यात नवल नाही. बोलतात ती मते. परीक्षण त्याहून काही निराळे असते, अशी माझी समजूत. त्या समजुतीच्या भरात मी म्हणालो, "पण याला विचारले कोणी?"

कन्येने मोबाईलवरची नजर न काढता उत्तर दिले, "तुम्हाला तरी कोणी विचारले होते, बाबा?"

तिने हे सहज म्हटले. मी तरुणपणी काही काळ ग्रंथपरीक्षणे लिहीत असे, एवढेच तिला ठाऊक आहे. पण तिचे ते वाक्य मला लागले. का लागले ते पुढे सांगणारच आहे. तूर्त एवढेच सांगतो, की त्या रात्रीपासून मी त्या अमेरिकन टीकाकाराच्या नादी लागलो, आणि पुढले काही आठवडे माझी आरामखुर्ची दिवाणाच्या बरीच जवळ सरकली.

या स्टकमनचा जन्म १९८८ सालचा, अमेरिकेतील ओहायओ राज्यातला. बोलपटांचा धंदा जेथे चालतो त्या हॉलिवूडपासून हे राज्य फार दूर आहे. विशीत असताना हा मुलगा घरच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून नुकत्याच पाहिलेल्या बोलपटाविषयी आपले मत सांगू लागला, आणि सांगतच राहिला. पाठीमागे चित्रपटांच्या तबकड्यांची फळी, समोर काचेचा एक डोळा, आणि मध्ये हा एकटा. संपादक नाही, शब्दमर्यादा नाही, आणि आरंभी मोबदलाही नाही. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी तो आम्हां मास्तरमंडळींप्रमाणे बोलपटाला श्रेणी देई. उत्तम असेल तर पहिली, अगदी टाकाऊ असेल तर नापासाची. अतिशय वाईट बोलपटांसाठी तर त्याने एक स्वतंत्र मालिकाच काढली होती. तीत तो त्या बोलपटाची यथेच्छ टर उडवी, आणि ही मालिका लोकांना फार प्रिय होती, असे कन्या सांगते. ते मला सांगावयास नकोच होते. स्तुतीपेक्षा निंदा अधिक चवीने वाचली जाते, हा अनुभव काही ओहायओपुरता नाही.

होता होता त्याचे श्रोते २० लाखांच्या आसपास पोहोचले. त्यांना 'सबस्क्रायबर' म्हणतात. आपल्या मासिकांना वर्गणीदार असतात तसेच हे, फरक एवढाच की यांतले कोणीच वर्गणी भरीत नाही. मग या गृहस्थाचे पोट कसे भरते, हा माझा पहिला मध्यमवर्गीय प्रश्न होता. त्याचे उत्तर असे, की चित्रफितीच्या आधी व मध्ये ज्या जाहिराती लागतात त्यांच्या उत्पन्नाचा काही वाटा यूट्यूब ती फीत करणाऱ्याला देते. म्हणजे जितके लोक पाहतील तितकी मिळकत. बोलपट शुक्रवारी लागला आणि परीक्षण पुढल्या बुधवारी आले, तर ते शिळे झाले. शिवाय कंटाळलेला श्रोता भर वाक्यात, बोटाच्या एका स्पर्शासरशी उठून जातो. माझ्या वर्गातील विद्यार्थी निदान हजेरीसाठी तरी बसून राहतात! अशा परिस्थितीत वर्षानुवर्षे लोकांना धरून ठेवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, हे मला मान्य करावे लागले.

बोलून परीक्षण करणे हे तरी अगदी नवे कोठे आहे? शिकागो शहरातील दोन प्रतिस्पर्धी दैनिकांचे टीकाकार, रॉजर ईबर्ट आणि जीन सिस्केल, १९७५ सालापासून दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसून बोलपटांवर वाद घालीत, आणि सारी अमेरिका तो ऐके. ईबर्टला त्याच वर्षी समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. तेव्हा बोलणारा टीकाकार हलकाच असतो असे म्हणण्याची सोय नाही. स्टकमनची पिढी ही त्या दोघांची वारस होय. केवळ दूरचित्रवाणीचा डामडौल गेला, जोडीदार गेला, आणि उरले ते एक माणूस आणि त्याचे मत.

आणि उरला त्याचा चेहरा. माझे मन हळूहळू पालटले ते याच एका गोष्टीमुळे. हा तरुण बोलताना मी पाहत असे, तेव्हा त्याला काय वाटते ते त्याच्या शब्दांच्या आधी त्याच्या मुद्रेवर उमटे. बोलपट आवडला असेल तर तो वाक्य अर्धे टाकून दुसरे सुरू करी. आवडला नसेल तर त्याचा हिरमोड स्पष्ट दिसे. त्याचे मत कोणाला पटले नाही, तर रागावणाऱ्याला ठाऊक असे की कोणावर रागवायचे. निंदा करणारा हा, त्याचे नाव हे, त्याचा चेहरा हा.

आम्ही जे वाङ्मय शिकवितो, त्यातील टीकाकारांचा इतिहास मात्र याच्या उलट आहे. इंग्लंडातील 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या वजनदार त्रैमासिकात १८१८ साली कीट्सच्या 'एंडिमियन' काव्यावर एक कठोर परीक्षण आले. त्याखाली लेखकाचे नाव नव्हते, कारण त्या काळचा तसा रिवाजच होता. लिहिणारा जॉन विल्सन क्रोकर होता, हे आज सर्वांना माहीत आहे. पुढे १८२१ साली कीट्स रोममध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. त्या परीक्षणानेच त्याचा जीव घेतला अशी आख्यायिका शेलीने पसरविली आणि बायरनने तिची थट्टा केली. वास्तविक तो क्षयाने गेला. ही हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगतो, आणि आख्यायिका खोटी कशी हे सांगताना विद्यार्थी हसतात. परंतु त्या परीक्षणाखाली नाव नव्हते या वाक्यापाशी आलो, की मी नेहमी थोडी घाई करतो.

पण स्टकमनची कथा अजून संपलेली नाही. किंबहुना तिचा खरा भाग येथून पुढे आहे. दुसऱ्यांच्या बोलपटांना श्रेण्या देणाऱ्या या माणसाच्या मनात लहानपणापासून एकच इच्छा होती, ती म्हणजे स्वतः बोलपट काढण्याची. मार्च २०२२ मध्ये त्याने 'किकस्टार्टर' या मार्गाने लोकांपुढे झोळी पसरली. या मार्गात कोणीही आपली योजना मांडावी आणि ज्याला ती रुचेल त्याने यथाशक्ती पैसे द्यावेत, अशी रीत आहे. १४ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे १३ लाख ९० हजार डॉलर त्याच्या झोळीत टाकले. ज्यांनी इतकी वर्षे वर्गणी भरली नव्हती, त्यांनी ती जणू एकदम, व्याजासह भरली! त्या पैशांतून त्याने 'शेल्बी ओक्स' नावाचा भयपट काढला. भुताखेतांचा शोध घेऊन त्याच्या चित्रफिती लोकांना दाखविणारी एक तरुणी नाहीशी होते, आणि तिची बहीण तिच्या शोधात निघते, असे त्याचे कथानक आहे.

आता न्यायाधीश स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार होता. आणि तेथे उभे राहण्यापूर्वीच त्याच्यात एक बदल झाला. न आवडलेल्या बोलपटांची निर्भर्त्सना आपण यापुढे करणार नाही, असे त्याने जाहीर केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की एक बोलपट पुरा करणे हे केवढे कष्टाचे काम आहे ते आपल्याला आता कळले आहे. ते कळल्यावर दुसऱ्याच्या कष्टांची टर उडविण्यात मन रमत नाही. २०२४ साली 'मॅडम वेब' हा बोलपट आला. तो वाईट आहे याविषयी बहुतेकांचे एकमत होते. परंतु स्टकमनने त्याचे परीक्षण न करता, मोठ्या निर्मितिसंस्थांच्या कारभारामुळे असे बोलपट कसे निपजतात याविषयीच सांगितले. त्यावर त्याचेच जुने श्रोते उसळले. जो स्वतः त्या धंद्यात शिरला, तो आता धंदेवाल्यांना कशाला दुखवील, असा त्यांचा रोख होता.

आमच्या घरीही यावरून दोन तट पडले.

"हा चक्क पळ काढणे आहे," कन्या म्हणाली. "माझे तिकिटाचे पैसे वाया जाणार असतील तर ते मला आधी कोणी सांगायचे? टीकाकार आमच्यासाठी असतो, बाबा, सिनेमावाल्यांसाठी नाही."

मी त्याचा पक्ष घेतला. मी म्हणालो, "ज्याने स्वतः कधी भिंत बांधली नाही, त्याला गवंड्याला हसणे सोपे जाते. यालाही आता विटेचे वजन कळले आहे."

"मग तर त्याने अधिक चांगले सांगावे की! वीट कुठे वाकडी आहे ते त्यालाच आधी दिसेल."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतिहासही तिच्याच बाजूचा होता. फ्रान्सचा फ्रांस्वा त्रुफो हा 'काइये द्यु सिनेमा'मध्ये इतके जहाल लिही, की १९५८ साली कान येथील चित्रपटमहोत्सवाने त्याला निमंत्रणच दिले नाही. पुढच्याच वर्षी 'द फोर हंड्रेड ब्लोज' या आपल्या पहिल्याच दीर्घ बोलपटासाठी तेथेच दिग्दर्शनाचे पारितोषिक घेऊन तो मोकळा झाला. पूर्वी केलेल्या निंदेबद्दल त्याने काही कानाला खडा लावला नव्हता. आणि आपल्या मुंबईचे बाबूराव पटेल? १९३५ साली त्यांनी 'फिल्मइंडिया' सुरू केले. त्यांच्या लेखणीला बडे बडे निर्माते वचकून असत. पटेलांनी स्वतःही 'द्रौपदी' (१९४४) आणि 'ग्वालन' (१९४६) यांसारखे बोलपट दिग्दर्शित केले. त्यांच्या टीकेला जी कीर्ती लाभली ती त्या बोलपटांना लाभली नाही. म्हणून काही त्यांनी लेखणी बोथट करून घेतली नाही. निर्मितीचा अनुभव माणसाला मुका करतोच असे नाही.

'शेल्बी ओक्स' प्रथम जुलै २०२४ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रिऑलच्या फँटेशिया महोत्सवात दाखविला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत लागला. टीकाकारांचे त्याविषयी एकमत झाले नाही. काहींनी दिग्दर्शकाच्या हाताचे कौतुक केले, काहींनी कथानकाचा उत्तरार्ध ढासळला असे म्हटले. मी तो पाहिलेला नाही; तेव्हा त्याच्या गुणदोषांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्याच्या परीक्षणांच्या काही फिती कन्येने मला दाखविल्या. त्यांत ओहायओच्या त्या खोलीसारख्याच खोल्या होत्या, पाठीमागे तशाच फळ्या होत्या, आणि तसेच विशीतले तरुण स्टकमनच्या कामाला श्रेणी देत होते. ज्याने हा धडा गिरवून दाखविला, त्याच्याच पाटीवर आता तो लिहिला जात होता. मला त्या वेळी त्याच्याविषयी सहानुभूती वाटली, आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली.

आता ती गोष्ट सांगतो. १९९८ च्या सुमाराची ही हकीकत आहे. मी नुकताच अध्यापक झालो होतो. एक छोटेसे नियतकालिक माझ्याकडे परीक्षणासाठी पुस्तके पाठवी, आणि मी 'एक वाचक' या नावाने ती परीक्षणे लिही. एकदा एका तालुक्याच्या गावातील हायस्कूलच्या शिक्षकांनी पदरमोड करून छापलेला कवितासंग्रह माझ्याकडे आला. कविता सामान्य होत्या. वृत्ते बिनचूक, भाव उसने. हे चार ओळींत सांगता आले असते. पण मला विनोदाची लहर आली. या संग्रहातील सर्वांत निर्दोष पान म्हणजे मुखपृष्ठाच्या आतील कोरे पान होय, असे मी लिहिले, आणि त्याच सुरात दोन पृष्ठे भरली. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत ते परीक्षण मोठ्याने वाचले गेले. 'एक वाचक' कोण हे तेथील चौघांना माहीत होते. त्यांनी मला चहा पाजला.

सात-आठ महिन्यांनी, जून महिन्यात, तेच गुरुजी माझ्या दारी आले. आपल्या एका गरीब पण हुशार विद्यार्थ्याला आमच्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून ते त्याला घेऊन आले होते. नाव ऐकताच मी ओळखले. त्यांना मात्र काहीच ठाऊक नव्हते. काम झाले, चहा झाला. निघताना त्यांनी पिशवीतून तो संग्रह काढून मला भेट दिला, आणि थोडे संकोचून म्हणाले, "पतपेढीचे कर्ज काढून छापले, प्राध्यापकसाहेब. एक परीक्षण आले. दोष दाखवले होते, ते खरेच असतील. मला त्याचे वाईट वाटले नाही. फक्त लिहिणाऱ्याचे नाव कळले असते तर बरे झाले असते. दुसरी वही तयार आहे. ती त्यांच्याकडे नेली असती, आणि म्हटले असते, आता यात काय चुकते ते सांगा."

त्या वेळी मला फक्त एक वाक्य बोलायचे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाही. मी म्हणालो, "आणखी अर्धा कप घ्या ना, गुरुजी." त्यांनी अर्धा कप घेतला आणि ते गेले. त्यांचा दुसरा संग्रह निघाला नाही. माझ्यामुळेच निघाला नाही, असे म्हणण्याइतका मी स्वतःला थोर समजत नाही. कीट्सदेखील परीक्षणाने मेला नव्हता. पण एक माणूस आपली वही घेऊन ज्याला शोधीत होता, तो त्याच्यासमोर चहा ओतीत बसला होता, ही गोष्ट काही खोटी ठरत नाही. त्यानंतर मी परीक्षणे लिहिणे सोडून दिले, आणि इतकी वर्षे मी त्याला माझे सौजन्य समजत आलो.

म्हणूनच स्टकमनच्या मौनाचा पक्ष मी इतक्या तत्परतेने घेतला होता. ते माझेच मौन होते. परंतु कन्येशी वाद घालता घालता मला उमगले, की आम्हां दोघांच्या मौनांत मोठे अंतर आहे. त्याने वर्षानुवर्षे चेहरा दाखवून निंदा केली, स्वतःचे काम लोकांपुढे ठेवले, तोच चेहरा घेऊन त्यावरील निंदा सोसली, आणि आपण का गप्प झालो हेही उघड सांगितले. त्याचे गप्प होणे मला पटत नाही. वाईट ते वाईट म्हणणारा कोणीतरी असलाच पाहिजे, आणि ज्याला विटेचे वजन ठाऊक आहे त्यानेच ते म्हणणे सर्वांत बरे. पण त्याचा निर्णय चुकलेला असला तरी तो लपलेला नाही. मी मात्र बोललो तेव्हाही लपून बोललो, आणि गप्प बसलो तेही लपण्यासाठीच. गुरुजींना माझ्या कठोरपणाची तक्रार नव्हती. त्यांना फक्त पत्ता हवा होता.

त्यांनी आणलेला तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. मागल्या महिन्यात त्याची गाठ पडली. गुरुजी पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत, दृष्टी मंद झाली आहे, पण स्मरण पक्के आहे, आणि गावच्या वाचनालयातील मासिके नातवाकडून वाचवून घेतात, असे त्याने सांगितले. दुसऱ्या वहीविषयी विचारण्याचा मला धीर झाला नाही.

हे सारे मी कन्येला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग जा ना, बाबा. अजून आहेत ते." पत्नीने शब्दकोड्यातून मान वर केली आणि विचारले, "गाडी कितीची आहे?"

येत्या रविवारी मी जाणार आहे. वही अजून असली, आणि त्यांनी ती माझ्या हाती दिली, तर जे चुकते ते स्पष्ट सांगणार आहे. त्यांनी तेच मागितले होते. त्यापूर्वी कदाचित हा अंक त्यांच्या वाचनालयात पोहोचेल, आणि त्यांचा नातू हा लेख त्यांना वाचून दाखवील. तसे झाले तर, गुरुजी, लेखाखालचे नावही त्याच्याकडून वाचवून घ्या. त्या परीक्षणाखाली तेच असायला हवे होते.